अपक्षाला ‘मते खाणारा’ म्हणण्याआधी प्रभागाचा नकाशा बघा

महापालिकेची निवडणूक लागली आणि वस्तीतल्या एखाद्या पोराने अपक्ष अर्ज भरला, की दुसऱ्या दिवसापासून एक वाक्य फिरू लागते. “मते खायला उभा आहे.” गंमत म्हणजे हे वाक्य विरोधकांपेक्षा आपलीच माणसे जास्त बोलतात. कोणाची मते? राखीव जागेवर उमेदवार देताना ज्या पक्षाने वस्तीला एका शब्दाने विचारले नाही, त्याच्या सातबाऱ्यावर आपली मते कधी चढली?

मी अपक्षांचा भाट नाही. माघारीच्या दिवशी ज्यांचा फोन अचानक बंद लागतो, ते अपक्ष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत मतदानाआधीच अनेक जागा बिनविरोध झाल्या, आणि त्या बहुतेक सत्ताधाऱ्यांच्याच होत्या. माघारी कशा होतात, हे कोणाला सांगायला नको. विकायलाच उभा राहणारा असेल तर त्याला वस्तीने दारातूनच परत पाठवावे. माझा प्रश्न जो प्रामाणिकपणे लढतो, दारोदार फिरतो आणि तरी हरतो, त्याच्याबद्दल आहे. तो हरला की आपण म्हणतो, पैसा नव्हता, संघटन नव्हते. खरे आहे. पण त्याच्या पराभवाची निम्मी तयारी त्याने अर्ज भरण्याआधीच झालेली असते, प्रभागरचनेत.

पुण्याचा हिशेब करू. 2011 च्या जनगणनेची साधारण 34 लाख 81 हजार लोकसंख्या, नगरसेवक 165. एका नगरसेवकामागे एक प्रभाग केला तर प्रभाग पडतो 21 हजार लोकांचा. चार-पाच हजारांची बौद्ध वस्ती अशा प्रभागात निकाल फिरवू शकते. निदान तिला विचारल्याशिवाय कोणी निवडून येऊ शकत नाही. पण पुण्यात प्रभाग केले 41, एक सोडून सगळे चार सदस्यांचे. म्हणजे सरासरी 84-85 हजार लोक. वस्ती तीच, माणसे तीच, पण आता ती चार सोसायट्यांच्या आणि दोन गावठाणांच्या मध्ये बुडालेली. मुंबई सोडली तर राज्यातल्या बाकी महापालिकांत हाच बहुसदस्यीय कारभार आहे.

आता अपक्षाचे दिवस मोजा. यावेळी माघारीची मुदत 2 जानेवारीला संपली, चिन्हे 3 तारखेला मिळाली, मतदान 15 ला. पक्षाचे चिन्ह मतदाराला लहानपणापासून पाठ. अपक्षाला शिट्टी, कपाट, गॅस शेगडी असे काहीतरी मिळते आणि ते 85 हजारांच्या प्रभागात पोचवायला दहा-अकरा दिवस. पक्षाचे चौघे पॅनेल म्हणून एकाच पत्रकावर, एकाच गाडीवर, एकाच सभेत. चौघांची खर्चमर्यादा वेगवेगळी, म्हणजे कायद्यानेच त्या एका प्रभागात त्यांना चौपट खर्चाची मुभा. मतदारालाही सांगितले जाते, चारही बटणे एकाच चिन्हाची दाबा, सोपे आहे. अपक्ष मात्र म्हणतो, तीन कोणालाही द्या, एक मला द्या. ही विनंतीच मुळात अवघड आहे.

हा खेळ आपल्यासाठी नवा नाही. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायला बंदी. बाबासाहेब तिथे सुमारे 14 हजार मतांनी हरले आणि त्या निवडणुकीत 74 हजारांहून अधिक मते बाद ठरली. बाबासाहेबांनी अशोक मेहतांसह याचिका केली, ती फेटाळली गेली. त्याउलट 1937 ची प्रांतिक निवडणूक पाहा. मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघांत सगळी मते एकालाच देण्याची सोय होती आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतांश उमेदवार निवडून आले. समाज तोच, नेता तोच. मत देण्याची पद्धत बदलली की निकाल कसा बदलतो, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघ 1961 च्या कायद्याने मोडीत काढले. आणि आपल्या शहरांत आज दोन नव्हे, चार!

आजची पद्धत 1952 सारखी तंतोतंत नाही, हे मान्य. आज अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या आणि प्रत्येक जागेला एक मत. पण त्यामुळेच गोची वाढते. ‘अ’ जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असली तरी तिचा निकाल 85 हजारांचा प्रभाग लावतो. वस्तीला नको असलेला माणूस वस्तीचा प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसतो. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी ज्या प्रकारच्या प्रतिनिधीबद्दल सावध केले होते, तो हाच.

काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी पक्ष काढला, अपक्ष लढायला सांगितले नाही. बरोबर. एकटा अपक्ष निवडून आला तरी स्थायी समितीच्या जागा गटाच्या संख्याबळावर वाटल्या जातात, आणि अंदाजपत्रक तिथून जाते. म्हणून एकट्याने लढूच नये, चौघांनी मिळून लढावे. अ जागेवर आपला, उरलेल्या तीन जागांवर सफाई कामगारांतली एखादी बाई, एखादा मुस्लिम कार्यकर्ता, एखादा ओबीसी तरुण. चिन्हे चार वेगवेगळी मिळतील, शिकवावी लागतील, पण पत्रक एक, बूथ एक, खर्च एक. वस्तीबाहेरच्या 80 हजारांकडे जायला याशिवाय रस्ता नाही, आणि तिथे न जाता नुसती जय भीमची हाक देऊन जागा निघत नाही.

‘गटार-पाण्याची निवडणूक आहे, एवढे काय’ असे म्हणणाऱ्यांना महाडची आठवण द्या. चवदार तळे नगरपालिकेचे होते. 1924 साली तिने ते सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला, म्हणून 1927 चा मार्च उजाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला. हात वर करणारे सभासद कोण होते, यावर पाण्याचा हक्क टांगलेला होता. आज सफाईचे काम कोणत्या ठेकेदाराला, वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या रस्त्याला, अभ्यासिकेची जागा कोणाच्या ट्रस्टला, हेही हात वर करूनच ठरते.

प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. त्या काळात आपल्या किती मंडळांनी, किती विहारांनी नकाशा भिंतीवर लावून वस्ती कुठे कापली ते पाहिले? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरटी यादी करतो. तीच यादी नकाशावर टाकली की हरकत तयार होते. एक प्रभाग, एक नगरसेवक ही मागणी त्या हरकतीच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.