धर्मशिक्षण : विष की उतारा?

दहशतवादी हत्याकांड घडले की दोन मते हटकून कानी पडतात. धर्मशिक्षण हेच सर्व अनर्थाचे मूळ, असे एक पक्ष म्हणतो. धर्मशिक्षण लोपले म्हणून तरुण बहकले, असे दुसरा सांगतो. मोरोक्कोचा अनुभव पाहता दोन्ही पक्ष अर्ध्याच सत्यावर संतुष्ट आहेत, असे म्हणणे प्राप्त आहे.

१६ मे २००३ रोजी कासाब्लांका शहरात आत्मघातकी स्फोट झाले. मारेकऱ्यांसह ४५ माणसे प्राणांस मुकली. मारेकरी धर्मशास्त्राचे पंडित नव्हते. सिदी मूमेन या गरीब वस्तीतील ते तरुण होते. त्यानंतर तेथील सरकारने धर्मोपदेशकांच्या शिक्षणात लक्ष घातले. २००६ मध्ये स्त्री-उपदेशकांची पहिली तुकडी तयार झाली; २०१५ मध्ये रबात येथे इमामांसाठी स्वतंत्र संस्था उघडली. माली, फ्रान्स आदी देशांचे विद्यार्थीही तेथे शिकले.

हा प्रयत्न स्तुत्य खरा. परंतु त्याने रोग हटला काय? २०१७ मध्ये बार्सिलोना व परिसरात १६ जणांचा बळी घेणारे तरुण बहुतांशी मोरोक्कन कुटुंबांतले, स्पेनमध्ये वाढलेले होते. आणि त्यांना या मार्गास लावणारा त्यांच्या गावचा इमामच होता! २०१८ मध्ये खुद्द मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वतात दोन परदेशी तरुणींची हत्या झाली.

तात्पर्य, धर्म शिकवावा की नाही, एवढाच हा प्रश्न नव्हे. तो कोणी व कसा शिकवावा, हा खरा प्रश्न आहे. शंकेला मज्जाव करणारे शिक्षण, मग ते अतिरेक्याचे असो वा सरकारी शिक्क्याचे, आज्ञाधारक मन घडविते. आणि आज्ञाधारक मनाला केवळ नवा धनी मिळण्याचा अवकाश असतो.

आपल्याकडेही हा विचार व्हावयास हवा. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मोपदेशास राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. परंतु सर्व धर्मांची ओळख करून देण्यास घटनेची आडकाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. या सवलतीचा उपयोग आपण कितीसा केला? शेजाऱ्याच्या सणाची सुटी आपण आनंदाने उपभोगतो. त्याच्या श्रद्धेचा अर्थ मात्र आपल्या मुलांना अफवांकडून कळतो. ही पोकळी शिक्षकाने भरली नाही, तर ती भरणारे दुसरे टपलेलेच आहेत. गुरुजींना ‘असे का?’ म्हणून विचारण्याची सवय ज्या मुलाने जोडली, त्याला मारेकरी बनविणे सोपे नसते.