जुनी बॅटरी ‘आगे’ कुठे जाते?

मे महिन्यातली दुपार. घरच्या लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही गांधीबागेत गेलो होतो. कापडाचे गठ्ठे डिकीत ठेवले, किल्ली फिरवली, तर गाडीने नुसते ‘टक्’ केले आणि ती गप्प झाली. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा ‘टक्’. दोन हमालांनी धक्का मारून दिला तेव्हा कुठे ती सुरू झाली आणि आम्ही सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या एका बॅटरीच्या दुकानापर्यंत पोहोचलो.

दुकानातल्या पोराने मीटर लावून पाहिला आणि निकाल दिला, “डाऊन नाही झाली काकाजी, गेली. तीन वर्षं झाली ना? मग तिनं तिचं काम केलं.”

नव्या बॅटरीचा भाव त्याने ५,२०० रुपये सांगितला. जुनी परत दिली तर ७०० रुपये कमी, म्हणजे ४,५००. मी मनातल्या मनात हिशेब करीत होतो, तेवढ्यात दुकानाबाहेर हातगाडी घेऊन उभा असलेला कबाडी हळूच म्हणाला, “साहेब, मला द्या. हजार देतो.” सरळ ३०० रुपयांचा फायदा! मी सहज विचारले, “तू हिचं काय करतोस रे?” तो म्हणाला, “आगे जाती है, साहेब.”

हे ‘आगे’ म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. खरे सांगायचे तर तो फार आधी पडायला हवा होता. भारनियमनाच्या दिवसांत घरी आणलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी मी अशीच जास्त भाव देणाऱ्याला विकली होती आणि आपण कसा सौदा जमवला, हे चारचौघांत सांगितलेही होते.

बॅटरी नागपुरात लवकर का जाते, ते आधी पाहू. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांची ही जोडी जमवली. गाडीच्या बॅटरीत आजही तीच आहे. उष्णता वाढली की आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, पाणी उडते, पट्ट्या गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. २०१३ च्या मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पनाच करावी! म्हणजे ही खरेदी आपल्याला टळणारी नाही. गांधीबागेत रांगेने उभ्या असलेल्या ई-रिक्षांचे तर विचारूच नका. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या रिक्षेत एका वेळी चार बॅटऱ्या बसतात आणि त्यांचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे.

आता त्या ‘आगे’कडे वळू. बॅटरीच्या वजनात साधारण साठ टक्के शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते. त्यामुळे जुनी बॅटरी उकिरड्यावर पडलेली कधी दिसत नाही. प्रश्न ती गोळा होण्याचा नाही, ती फोडली कशी जाते याचा आहे. शिसे ३२७ अंशांनाच वितळते. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. कोळशाची भट्टी आणि लोखंडी कढई पुरते. नोंदणीकृत कारखान्याला धूर गाळावा लागतो, ॲसिडवर प्रक्रिया करावी लागते, कामगारांच्या रक्ताची तपासणी करावी लागते. परसातल्या भट्टीवाल्याला यातले काहीच नको. ॲसिड नालीत, धूर आभाळात आणि राख अंगणात. कबाड्याने मला दिलेले जास्तीचे ३०० रुपये कुठून येतात, याचे उत्तर बहुधा या न केलेल्या खर्चात आहे.

ते पैसे शेवटी कोण भरतो? सेनेगलची राजधानी डाकारजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे बॅटऱ्यांचे शिसे काढण्याचा धंदा घराशेजारी चाले. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथली अठरा मुले दगावली. शिशाची धूळ त्यांच्या अंगणातल्या मातीतच होती. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीच्या वर असल्याचा अंदाज मांडला. हे सारे बॅटऱ्यांमुळे नाही. रंग, मसाल्यांतली भेसळ, भांडी अशी इतर कारणेही आहेत. पण उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या हे त्यातले मोठे कारण मानले जाते. शिशाने लहान मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुन्हा भरून निघत नाही. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली हटवले. ते मागच्या दाराने पुन्हा घरात घ्यायचे का?

कायदा नाही असे नाही. २००१ मध्ये पहिले नियम आले, २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ती योग्य ठिकाणी देण्याची ग्राहकावर. ग्राहकाकडून ठेव घेऊन ती परत करण्याची मुभाही नव्या नियमांत आहे. माझे म्हणणे एवढेच की ही मुभा सक्तीची करावी. गॅसच्या सिलिंडरला आपण ठेव भरतोच ना? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुनी बॅटरी न देणाऱ्याकडून नवीचे जास्त पैसे घेतात. इथेही ठेव कबाड्याच्या भावापेक्षा मोठी हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे अशी ठेव सोसणे ग्राहकाला तेवढे जड जाऊ नये. आणि कबाड्याला खलनायक ठरवू नका. गल्लीबोळातून माल गोळा करण्याचे त्याच्याइतके जाळे कुणाकडे आहे? त्यालाच परवाना द्या, त्याच्याकडून रीतसर भावाने विकत घ्या.

मी त्या दिवशी बॅटरी दुकानात दिली आणि बिलावर ‘जुनी जमा’ असे लिहून घेतले. “ही कुठे जाते?” असे दुकानदारालाही विचारले. “कंपनीची गाडी येते,” तो म्हणाला. ती येते की नाही हे पाहायला मी काही थांबलो नाही. त्यामुळे फार मोठे पुण्यकर्म केले असा माझा दावा नाही.

घरी येऊन हिशेब केला. ४,५०० रुपयांची बॅटरी तीन वर्षे चालली तर दिवसाला चार रुपये पडतात. सोडून दिलेले ३०० रुपये दिवसाला २७ पैसे. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, ‘नीरी’, ज्या शहरात आहे, त्या शहरातल्या माणसाला एवढे परवडायला हरकत नाही. पुढच्या वेळी तुमची गाडी ‘टक्’ करून गप्प बसेल, तेव्हा नवीचा भाव करा, जरूर करा. पण जुनी कुठे जाणार, हेही विचारा.