धरणगावचा वारसा: जुनी वास्तू आपोआप वाचते का?

नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात १०० वर्षे ही फक्त पहिली अट आहे. अधिसूचना निघाली तरच संरक्षण मिळते.

धरणगावला हे का महत्त्वाचे? इथे इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली, ती पुढच्याच वर्षी मराठ्यांनी लुटली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण इथेच उभारली. बालकवींचा जन्मही इथलाच, १८९० चा.

यादीबाहेरच्या खुणांची भिस्त गावकऱ्यांवरच. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले, तेव्हा त्यांची दप्तरे जपायला धुळेकरांनी संशोधन मंडळ काढले. सरकारची वाट पाहिली असती तर कागद रद्दीत गेले असते. पलटणीला तर दोनशे वर्षे झाली. तिच्या जागेवर माहितीफलक लावायला अधिसूचना लागत नाही.