किरणांचे शास्त्र आणि कलम ४

२०१० सालच्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक मजूर किरणोत्सर्गाने मरण पावला. दिल्ली विद्यापीठाने जुने गॅमा यंत्र लिलावात विकले होते. आतील कोबाल्ट-६० तसाच होता. ज्यांनी लिलाव पुकारला ते विद्वान होते. ज्यांनी यंत्र फोडले त्यांना आपण काय फोडतो आहोत हेही ठाऊक नव्हते. विद्या एकीकडे आणि मरण दुसरीकडे, ही वाटणी आपल्या समाजाच्या चांगली परिचयाची आहे.

बौद्ध बंधुभगिनींनो, किरणांपासून माणसाला वाचविणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास आरोग्य-भौतिकी म्हणतात. कर्करोग्यास डॉक्टरांनी ठरविलेली किरणांची मात्रा अचूक कशी द्यावी, खोलीची भिंत किती जाड असावी, कामगाराच्या छातीवरील बिल्ल्याने काय नोंदले, हे त्यातील जाणकार ठरवितो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग एक वर्षाची पदविका, मग रुग्णालयात वर्षभर उमेदवारी, असा हा मार्ग आहे. ट्रॉम्बे येथे ही पदविका १९६२ पासून शिकविली जाते; आज ते शिक्षण भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे.

आता कायदा पाहा. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी २००६ चा आरक्षण कायदा झाला. अनुसूचित जातींस १५ टक्के जागा मिळाल्या. परंतु कलम ४ ने काही संस्था त्यातून वगळल्या, आणि परिशिष्टातील पहिलेच नाव होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचे व तिच्या घटक संस्थांचे आहे. भाभा केंद्र त्यांतलेच. कारण काय, तर उत्कृष्टता आणि राष्ट्रीय महत्त्व! आमच्या मुलांच्या प्रवेशाने उत्कृष्टता विटाळते काय? संस्था आपखुशीने जागा देतही असेल. पण आपखुशीचे दान आणि कायद्याचा हक्क यांतील भेद आम्हांस कोणी शिकवावयास नको. धर्मांतर १९५६ चे. केंद्राने बौद्धांस अनुसूचित जातींचे हक्क दिले १९९० साली. चौतीस वर्षांनी पदरात पडलेला तो हक्क नेमका याच दाराशी निरुपयोगी ठरावा, हे आम्हांस मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोहोंसाठी. तेव्हा मुलामुलींना बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र सोडू देऊ नका, आणि जातीचा दाखला वेळेत काढा. आणि आपले म्हणविणारे खासदार मते मागावयास विहारात येतील तेव्हा त्यांना विचारा: कलम ४ रद्द करण्याचे विधेयक आपण केव्हा मांडणार?