नोंद एक, यंत्रें अनेक

हल्लीं बागाईतदाराच्या घरची नोंदवही एका जागीं राहिलेली नाहीं. फवारणीची तारीख व औषधाचें प्रमाण बांधावर उभ्या उभ्या फोनमध्यें टिपलें जातें. मजुरांची उचल व खताचीं बिलें घरच्या संगणकावर चढतात. आणि शहरांत असलेला मुलगा विक्रीचा हिशेब आपल्या निराळ्याच यंत्रावर मांडतो. फोन अँड्रॉइडचा, घरचा संगणक विंडोजचा, मुलाचा लिनक्सचा. या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशीं जुळत्या कशा ठेवाव्या, हा प्रश्न पुष्कळांस किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाहीं. निर्यातीचीं द्राक्षें पिकविणारास शेवटची फवारणी व काढणी यांमधील दिवस दाखवावे लागतात. अशा वेळीं दोन यंत्रांवर दोन तारखा निघाल्या, तर खरी कोणती हें कोण सांगणार?

या कामीं लोक प्रथम विचारतात कीं, ॲप कोणतें घ्यावें? आमच्या मतें हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, नोंद कोणत्या रूपांत लिहावी, हा होय. ॲप म्हणजे दप्तराचें कपाट. नोंद म्हणजे दस्तऐवज. कपाट आज आहे, उद्यां नसेल. गूगलची ‘नोटबुक’ ही सोय २०१२ सालीं बंद झाली. एव्हरनोटनें डिसेंबर २०२३ मध्यें फुकट वापरणारांस पन्नास नोंदींची मर्यादा घातली. कंपनीनें आपला धंदा कसा चालवावा हा तिचा प्रश्न आहे; परंतु आपल्या शेताचा दहा वर्षांचा वृत्तांत तिच्या मर्जीवर कां असावा?

यास्तव नोंद साध्या मजकुराच्या फाइलींत, युनिकोड अक्षरांत लिहावी. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेलें मराठी दुसऱ्या यंत्रावर, तो फॉन्ट नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरें होऊन दिसतें. कारण तेथें देवनागरी हा केवळ वरचा मुखवटा असतो. १९९१ सालापासून प्रसिद्ध झालेल्या युनिकोडांत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचतां येतो. ॲप हवेंच असेल, तर नोंदी साध्या फाइलींच्या रूपानें बाहेर काढूं देणारें घ्यावें. जॉप्लिन हें त्यांपैकीं एक असून विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड व आयफोन या सर्वांवर तें चालतें.

फाइलीच्या नांवाविषयींही एक सूचना आहे. तारीख तिरप्या रेघा घालून नांवांत लिहितां येत नाहीं. विसर्गासारखें दिसणारें अपूर्णविरामाचें चिन्ह विंडोज नांवांत घेत नाहीं. तेव्हां ‘२०२५-०६-१५-फवारणी’ असें वर्ष आधीं लिहून नांव द्यावें. नोंदी आपोआप तारीखवार लागतात.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. फोनला इंटरनेट नसतांना बापानें एक फाइल बदलली व त्याच वेळीं मुलानें शहरांत तीच फाइल बदलली. पुढें दोन्ही यंत्रें जोडलीं गेलीं म्हणजे काय होतें? दोन यंत्रांमधील फोल्डर परस्पर जुळवून ठेवणारें ‘सिंकथिंग’ नांवाचें साधन आहे. तें अशा वेळीं नंतरच्या वेळेची प्रत मूळ नांवानें ठेवतें व दुसरी निराळी नांव देऊन बाजूस ठेवतें. परंतु नंतर लिहिलेलें तेंच खरें, असा नियम कोठेंच नाहीं. महसुली कामांत ही गोष्ट फार पूर्वींच ओळखलेली आहे. गांव नमुना सहामधील फेरफारावर हरकत आली, तर ती तक्रार सहा-अ मध्यें उतरतात. अधिकारी दोन्ही पक्षांचें ऐकतो व मग निर्णय देतो. कोणाचीही नोंद गुपचूप खोडली जात नाहीं. बाजूस पडलेल्या त्या प्रतीला सहा-अ ची तक्रार समजावें. ती वाचल्यावांचून पुसूं नये.

तंटा मुळांतच टाळावयाचा असेल, तर प्रत्येक फाइलीस एकच लिहिणारा असावा. फवारणीची फाइल बापाची, विक्रीची मुलाची, वाचावें सर्वांनीं. चूक आढळल्यास जुनी ओळ न खोडतां तिच्याखालीं तारीख घालून दुरुस्ती लिहावी.

आणखी एक गैरसमज घातक आहे. यंत्रांचा मेळ म्हणजे सुरक्षित सांठा, असें कित्येक समजतात. वस्तुतः मेळ घालणारें साधन जशी नवी नोंद सर्वत्र पोंचवितें, तशीच पुसलेली नोंदही सर्वत्र पुसतें. नातवानें खेळतां खेळतां फोनमधील फोल्डर काढून टाकला, तर तो घरच्या संगणकावरूनही जाऊं शकतो. म्हणून महिन्याच्या अखेरीस एक प्रत पेनड्राइव्हवर काढून तो संगणकापासून अलग, पेटींत ठेवावा.

कोणी म्हणेल, या खटाटोपापेक्षां कागदी वहीच बरी. ज्याचें सर्व कुटुंब एकाच छपराखालीं आहे, त्यानें खुशाल वही ठेवावी. ती उत्तम आहे. परंतु लिहिणारे हात तीन गांवीं असतील तेथें वही एकाच्याच हातीं राहते, आणि बाकीचे अदमासानें बोलतात. वांटपाच्या वेळीं भावाभावांत जें बिनसतें, त्यांत अशा अदमासाचा वांटा पुष्कळ असतो.

तेव्हां वाचकांस विनंति इतकीच कीं, या महिन्यांत आपली एक नोंद दुसऱ्याच्या यंत्रावर, आपलें ॲप न घालतां, उघडून पाहावी. उघडली नाहीं, तर पुढील हंगामाची पहिली नोंद लिहिण्यापूर्वीं पद्धति बदलावी.