‘ॲक्च्युअली’ कुणासाठी?

घरच्या ग्रुपवर खोटा मेसेज आला की आपल्यातला शिकलेला कुणीतरी लगेच लिहितो, ‘ॲक्च्युअली, धिस इज नॉट ट्रू.’ खाली एक इंग्रजी लिंक. अफवा मात्र मराठीत असते, नाहीतर घरच्या बोलीत. खाला, मामू, गावाकडचे चाचा यांना ती शब्द न् शब्द कळते. खुलासा त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे या मर्यादेची किंमत मला कळते. पण त्या पाच ठिकाणीही अफवा तिथल्याच भाषेत पोचते.

ऑफिसात मीही दिवसभर ‘ॲक्च्युअली’ म्हणतो. तिथे ते चालते, कारण बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांना ती भाषा येते. माझी तक्रार वेगळी आहे : खरे सांगायची वेळ आली की आपण भाषा बदलतो, जणू इंग्रजीचा शिक्का बसल्याशिवाय ते खरे ठरत नाही. (‘टू बी ऑनेस्ट’ तर मला कधी उमगलेच नाही. मग त्याआधी काय सांगत होता?)

त्या एका ‘ॲक्च्युअली’च्या जागी मराठीत कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे. ‘खरं तर’ समोरच्याला न दुखावता दुरुस्त करतो. ‘उलट’ सरळ विरोध करतो. ‘वास्तविक’मध्ये व्हायला हवे होते एक आणि झाले भलतेच, ही खंत असते. ‘मुळात’ प्रश्नाचा पायाच तपासतो. ‘मुसलमान असून मराठी किती छान बोलता!’ या कौतुकाला ‘ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम सांगली’ असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ‘मुळात आमच्या घरी मराठीच बोलतात’ म्हटले की तो समजच उखडतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, हे पुढे जोडायचे की नाही ते ऐकणाऱ्याच्या सवडीवर.

‘गैरसमज’ हाच शब्द पाहा. ‘गैर’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला, ‘समज’ इथला. ‘खुलासा’, ‘हकीकत’, ‘अफवा’ हेही मूळचे अरबी, आणि अरबीत ‘अफवाह’ म्हणजे तोंडे.

तेव्हा पुढच्या वेळी लिंक नको, आवाजी मेसेज पाठवा. वीस सेकंद पुरतात : ‘खाला, हा व्हिडिओ आपल्या गावचा नाही, जुना आहे. मी पोलीस ठाण्यात विचारलं, अशी एकही तक्रार नाही. ज्यांना पाठवलात त्यांनाही हे ऐकवा.’