पिलाचा एकसष्टावा दिवस

गेल्या मार्गशीर्षात, ऐन कापूस-सोयाबीनच्या आवकीत, किनवटच्या आमच्या दुकानामागे बारदानाच्या थप्पीआड एका भटक्या कुत्रीने पाच पिलांना जन्म दिला. सकाळी दुकान उघडताच हमालांनी ती वार्ता सांगितली आणि दुपारी शाळेतून परतलेल्या नातवाने ती ऐकली. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, ‘‘आजोबा, माझा वाढदिवस संक्रांतीला. तेव्हा यातले एक घरी आणायचे ना?’’ मी दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले. संक्रांतीला पिले पाच आठवड्यांची होणार होती. मी म्हणालो, ‘‘वाढदिवस तुझा आहे. पिलाचा दिवस वेगळा येईल.’’

हे उत्तर मला सहज सुचलेले नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी नातवाच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, असाच हट्ट धरला होता आणि मी तो दिवाळीच्या पाडव्याला पुरवला होता. मुहूर्त चांगला, मूल आनंदात, एवढाच विचार केला. पिलू जेमतेम पंचवीस दिवसांचे असेल. डोळे उघडलेले, तुरुतुरु चालणारे, अंगाने गुबगुबीत. आणखी काय पाहायचे, असे वाटले. घरात गाईचे दूध भरपूर होते, ते वाटीत ओतले. रात्रभर ते रडले. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. त्या चार दिवसांत त्याची आई दूध दाटलेल्या स्तनांनी आमच्या गल्लीत येरझारा घालत होती. ते दृश्य मी आजतागायत विसरलेलो नाही. कुणाला दुखवायचे म्हणून आम्ही काहीच केले नव्हते. घडले ते निव्वळ घाईमुळे.

ही घाई नेमकी कशात असते, ते समजून घेण्यासारखे आहे. पिलू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले आणि कान बंद असतात. डोळे साधारणतः दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, ऐकू येऊ लागते ते त्यानंतर. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचे अंग ऊबदार राखता येत नाही. आईने चाटल्यावाचून मलमूत्रविसर्जनही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात हिरडीतून डोकावतात, चौथ्यापासून आई हळूहळू दूध तोडू लागते आणि सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास पिलू खऱ्या अर्थाने अन्नावर येते. महिन्याचे पिलू दिसायला सर्वांत गोजिरवाणे असते आणि तिथेच आपण फसतो. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. म्हणून वाटीभर गाईच्या दुधाने पिलाचे पोषण होत नाही, उलट पोट बिघडते. पंचवीस दिवसांच्या त्या जीवाला आम्ही मायेने जे पाजले, त्यानेच त्याचा घात केला असावा.

दुधाखेरीज आणखी एक गोष्ट पिलू आईजवळ शिकते, तिची मोजदाद आपण करीत नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यांत भावंडांशी झोंबताना एकाने दुसऱ्याला जोरात चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ मोडतो. आई गुरगुरून दटावते. दात किती जोराने रोवायचा याचा धडा तिथे मिळतो. तो न शिकता घरी आलेले पिलू पुढे मुलांच्या हातांवर ओरखडे काढते, आणि मग ‘हे कुत्रे चावरे निघाले’ म्हणून त्याला सोडून दिले जाते. इटलीतील संशोधकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली. त्यांपैकी निम्मी तीस ते चाळीस दिवसांची असताना आईपासून तोडलेली, तर निम्मी दोन महिने पूर्ण झाल्यावर घरी आणलेली होती. लवकर तोडलेल्यांत भित्रेपणा, अकारण भुंकणे, अन्नावर नि खेळण्यावर कुणाला फिरकू न देणे, या तक्रारी अधिक आढळल्या.

तर मग जितके उशिरा तितके बरे काय? तसेही नाही. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत १९६१ च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. पिलांना विस्तीर्ण कुंपणात माणसापासून दूर वाढवून वेगवेगळ्या वयांत त्यांची माणसाशी ओळख करून दिली गेली. पाच ते नऊ आठवड्यांत ओळख झालेली पिले माणसाळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांनी माणूस जवळून अनुभवलाच नाही, ती पुढेही बुजरीच राहिली. थोडक्यात, आईची गरज आठव्या आठवड्याच्या आसपास सरते, आणि जगाशी सलगी करण्याचे दार बाराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर मिटू लागते. घरी आणण्याचा काळ या दोहोंच्या मध्ये येतो. माझ्या मते आठ ते दहा आठवडे हे वय उत्तम. पिलू आईजवळ असतानाही तुम्ही रोज जाऊन त्याला हाताळू शकता. आमच्या नातवाने तेच केले.

आपल्या देशात कायद्यानेही हीच मर्यादा घातली आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. तरीही ‘दोन महिन्यांचे आहे हो’ असे सांगून पाच आठवड्यांचे पिलू हातात ठेवले जाते. आपण व्यापारी माणसे. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून पाहतो, कापसाचा धागा ताणून पाहतो, मग येथेच डोळे झाकून का घ्यावे? पिलाचे तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे अठ्ठावीस दात आलेले असतात, त्यांत मागच्या दाढाही असतात. पुढचे दात तेवढे फुटलेले आणि धावताना मागचा भाग लडखडणारा असेल, तर ते लहान आहे. आणि पिलू त्याच्या आईजवळच पाहा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

आपल्या मराठवाड्यात तर आई दाखवणे अवघड नाही. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्याचे जानवळ गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. उंच, सडपातळ, लांब तोंडाची ही शिकारी जात. पूर्वी मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर चालणारी, म्हणून हे नाव. किनवट-माहूरच्या डोंगरपट्टीत तांडे कमी नाहीत, आणि तिथे कुत्रे दारात वाढते. अशा कुत्र्याला दिवसाकाठी मैलभर धाव लागते; दुकानावरच्या दोन खोल्यांत ते सुखी राहत नाही, एवढे लक्षात घेऊनच जानवळची वाट धरावी. माझे मत विचाराल तर दारातल्या गावठी पिलासारखे सोशिक पिलू नाही.

घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र वेगळाच असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात द्रव्यासाठी कुत्री-मांजरे पोसण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या आईचा विरोध त्याच आधारे असे. मला वाटते, तिथे ‘द्रव्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्र्याची पैदास हा आपला उद्योग असू नये. दारातील जीवाला आसरा देणे ही वेगळी गोष्ट. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ करतो : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. महिन्याचे पिलू आईपासून तोडून साखळीने बांधणे यात पहिला आणि पाचवा, दोन्ही अतिचार येतात, असे मी नातवाला सांगितले. त्याने लगेच विचारले, ‘‘मग जंताचे औषध दिले तर जंत मरतात, त्याचे काय?’’

प्रश्न रास्त होता. पिलांना जंत बहुधा आईच्या पोटातूनच मिळतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंतनाशक द्यावे लागते. ते न दिल्यास पिलू खंगते आणि घरातील मुलांनाही बाधा होऊ शकते. संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा यांतला भेद मी त्याला समजावला, गृहस्थाला दुसरीतून पूर्ण सुटका नाही हेही सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही, ते मला ठाऊक नाही. माझे स्वतःचे तरी कितपत झाले? ज्या कुटुंबाला हा भार मनाने उचलवत नाही, त्याने पिलू आणू नये. तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. चाळिसाव्या दिवशी दुपारी माल उतरवून मागे सरकणाऱ्या टेम्पोखाली पाचांपैकी एक पिलू सापडले. नातवाने ते पाहिले. रात्री तो जेवला नाही. ‘‘संक्रांतीला आणले असते तर ते जगले असते,’’ एवढेच म्हणाला. वाट पाहायला मीच सांगितले होते. त्याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते शब्दांत दिलेच नाही. हमालांना घेऊन दुकानामागची मोकळी जागा जुन्या पत्र्यांनी बंद केली, आईला आत-बाहेर करता येईल एवढी फट ठेवली, खाली बारदान अंथरले आणि चारही पिले आईसह आत घेतली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. पिलाला धोका असेल तर त्याला आईपासून उचलू नये. आईसकट आडोसा द्यावा, हे माझ्या आधी ध्यानात यायला हवे होते. आईच मेलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लहान पिलू घरी आणावेच लागते, पण पशुवैद्याच्या सल्ल्याने, पिलांसाठीचे तयार दूध, ऊब आणि दर दोन-तीन तासांचे पाजणे यांची तयारी ठेवून.

एकसष्टाव्या दिवशी, माघात, एक पिलू घरी आले. त्याआधी घरात बैठक झाली : दिवसा घरी कोण असेल, रात्री कोण उठेल? हंगामात पुरुषमाणसे दुकानात आणि चातुर्मासात बायका मंदिरात वा स्थानकात, अशा घरी हे आधी ठरवलेले बरे. आठ आठवड्यांच्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे-थोडे खायला लागते. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी चूल थंड होते; पिलाचे शेवटचे खाणेही तेव्हाच होऊ लागले आणि रात्री उठण्याचे काम एकदाचे आले. आमच्या कांदा-लसणाविना चालणाऱ्या स्वयंपाकघराचा अनपेक्षित लाभही झाला, कारण हे दोन्ही पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. मनुका आणि द्राक्षेही तशीच. म्हणून शिऱ्यातले मनुके खाली पडू नयेत याकडे सूनबाईंचा डोळा असतो. शाकाहारावर कुत्रे राहू शकते, मात्र केवळ दूध-पोळीवर नव्हे. प्रथिनांचा नि जीवनसत्त्वांचा तोल पशुवैद्याकडून बसवून घ्यावा लागतो.

लसीबाबत एक गैरसमज फार आढळतो की, एक टोचली म्हणजे झाले. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांत केव्हातरी ओसरते, आणि ती असेतो लस नीट लागू होत नाही. ती नेमकी केव्हा ओसरली हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत मात्रा द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांनी. तोवर पिलाला रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांत सोडू नये, कारण पार्वोसारखा रोग मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिलाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो. पण म्हणून त्याला कोंडूनही ठेवू नये. नातू त्याला उचलून दुकानात आणून बसवी. हमालांच्या हाका, वजनकाट्याचा खणखणाट, टेम्पोचा भोंगा, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, सारे त्याने मांडीवरून पाहिले. आज ते भोंग्याला दचकत नाही.

उरलेल्या तिघांपैकी दोन पिले एका हमालाने शेतावर नेली, एक आईजवळ दुकानामागेच राहिले. दूध आटल्यावर आईची नसबंदी करून घेतली. पहिल्या रात्री घरचे पिलू थोडा वेळ रडले. नातवाने त्याच्या टोपलीत बारदानाचा तो जुना तुकडा ठेवला, ज्यावर पाचही पिले झोपत असत. पहाटे दाराशी खसखस झाली. मी दार उघडले तर आई उभी होती. ती आत आली, पिलाला नखशिखान्त हुंगले, दोनदा चाटले, दिलेली पोळी खाल्ली आणि उजाडता उजाडता दुकानाकडे निघून गेली. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज येत होती. दाराची कडी आम्ही त्या दिवसांत लावली नाही.